खेकड्यांची गोष्ट मुलांना नीट सांगा

संपादक साहेब,

रविवारच्या मुलांच्या पानावर आलं होतं की निसर्गात हळूहळू सगळेच प्राणी खेकडे होत चाललेत आणि एक दिवस माणसाचाही नंबर लागणार. ऐरोलीला माझी पाचवीतली भाची आहे, तिने ते खरं धरलंय, म्हणून लिहितोय. मूळ गोष्ट खरी आहे आणि जाम भारी आहे, ती अशी अर्धवट छापू नका प्लीज.

खेकड्याचा आकार निदान 5 वेळा वेगवेगळा तयार झाला हे बरोबर, पण फक्त कोळंबी, शेवंड, शंखातले खेकडे या दहा पायवाल्यांच्या खानदानात, माशाचा किंवा माणसाचा त्यात काही संबंध नाही. 1916 साली लॅन्सलॉट बोराडेल या इंग्रज शास्त्रज्ञाने याला कार्सिनायझेशन हे नाव दिलं. अलास्काकडचा किंग क्रॅब दिसतो अस्सल खेकडा, पण त्याचे पूर्वज शंखात राहणारे, आणि पुरावा अजून अंगावर आहे: मादीची पोटाखालची शेपटी एका बाजूला वाकडी असते, कारण पूर्वजांची शेपटी शंखाच्या वळणात बसायची! पोर्सिलेन क्रॅब हाही असाच वेगळ्या वाटेने खेकड्यासारखा झालेला, त्याला डेंगे सोडून पायांच्या तीनच जोड्या दिसतात, खऱ्या खेकड्याला चार.

असं का होतं यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, पण मला पटतं ते शेपटीचं. मागे लांब मांसल शेपटी म्हणजे शत्रूला पकडायला सोपं, ती पोटाखाली दुमडली की अंग चपटं आणि आखूड होतं, दगडाच्या फटीत शिरता येतं, आडवं पळता येतं. बदल्यात शेवंडासारखा शेपटीच्या फटक्याने मागे उसळायचा डाव जातो. आणि हा प्रवास एकाच दिशेने नाहीये हे तर तुम्ही लिहिलंच नाही, वाळूत पुरून घेणारे बेडूक खेकडे हा आकार सोडून परत लांबट झालेत.

हे सगळं मुलांना इथेच दाखवता येतं. ठाणे, वाशी, बेलापूर, कुठल्याही मासळी बाजारात कोळीण मावशींना सांगा चिंबोरी उलटी करून दाखवा, पोटावर चिकटलेली पट्टी दिसते, नराची अरुंद, मादीची रुंद, तीच ती दुमडलेली शेपटी. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाल तेव्हा चिंबोरीच्या पोटाकडचा एक मोठा फोटो नक्की टाका.

एक वाचक, ठाणे