सलामत सादिकोवांना आपल्या पुरवणीत जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलांविषयीचे आपले पानभर वृत्त वाचले. माझी मुलगी किर्गिझस्तानात ओश शहरात शिकते, म्हणून ते पान मी कापून ठेवले आहे. फी, वसतिगृहे, परत आल्यावर द्यावी लागणारी परीक्षा, मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांवर झालेले हल्ले, सगळे त्यात आले. आमची मुले ज्यांच्या शेजारी पाच-सहा वर्षे राहतात ती माणसे मात्र कुठेच आली नाहीत. म्हणून हे पत्र, एका गायिकेविषयी.

मुलीच्या घरमालकीणबाई स्वयंपाक करताना एक गाणे लावतात. ते तिने मला फोनवर ऐकवले. मी बरीच वर्षे शाळेत संगीत शिकवले आहे, दमसास म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तरी गाणाऱ्या बाईंनी वरचा स्वर लावला आणि तो संपेचना, तेव्हा मी हातातले काम खाली ठेवले. ना मुरकी, ना हरकत, ना गळ्याला कंप. एकच स्वर ताणलेल्या दोरीसारखा सरळ जात राहतो, आणि त्याच्याखाली तीन तारांचे कोमुझ वाजत असते. आपल्या कानाला अशा ठिकाणी तानेची सवय असते. इथे तान येत नाही आणि तिची उणीवही भासत नाही.

या सलामत सादिकोवा. जन्म १९५६, बातकेन भागातला. किर्गिझस्तानच्या नैर्ऋत्य टोकाला असलेला हा भाग तेव्हा ओश प्रांतात होता, १९९९ मध्ये तो वेगळा प्रांत झाला. तिथले जर्दाळू प्रसिद्ध आहेत, आणि कोमुझही बहुधा जर्दाळूच्याच लाकडाचे कोरतात. स्वतः कोमुझ वाजवत गाणाऱ्या या बाईंनी आपल्या लोकांची गाणी युरोप-अमेरिकेपर्यंत नेली. देशाने त्यांना ‘लोककलावंत’ हा किताब दिला. बातकेनचे नाव मात्र बातम्यांत आले ते १९९९ च्या सशस्त्र घुसखोरीमुळे आणि २०२१-२२ मधल्या ताजिकिस्तानबरोबरच्या सीमेवरील चकमकींमुळे. मार्च २०२५ मध्ये दोन्ही देशांनी सीमाकरारावर सह्या केल्या, तेव्हा माझ्यासारख्या पालकांचा जीव भांड्यात पडला.

असा लांब स्वर कुठून येत असेल? माझी समजूत अशी की तो डोंगरातून येतो. उन्हाळ्यात ही माणसे कळप घेऊन उंचावरच्या कुरणांवर जात. त्या कुरणांना ते ‘जायलू’ म्हणतात. रात्री लांडग्यांपासून मेंढरे राखायचे काम बायका-मुलींकडे असे, आणि जागे राहण्यासाठी त्या जे गात त्याला ‘बेकबेकेय’ म्हणतात. घोडे राखणाऱ्या पुरुषांचे रात्रीचे गाणे वेगळे, ते ‘शिरिल्दान’. बायकांच्या वाट्याचे आणखी एक गाणे म्हणजे ‘कोशोक’. घरात मृत्यू झाला की बायका तंबूत दाराकडे पाठ करून बसतात आणि गेलेल्या माणसाचे गुण गात रडतात. मुलीची पाठवणी करतानाही आई कोशोकच म्हणते. हे कळल्यावर मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. तिथेही लेकीचे सासरी जाणे आणि माणसाचे जाणे एकाच गळ्यातून येते.

सोव्हिएत काळात या संगीताला सभागृह मिळाले, तशी शिस्तही लागली. १९३६ मध्ये लोकवाद्यांचा मोठा वाद्यवृंद उभा राहिला आणि त्यासाठी कोमुझवर पडदे बसवले गेले. मूळच्या कोमुझला पडदे नसतात. मिस्काल ओमुरकानोवांसारख्या गायिका त्याच काळात पुढे आल्या आणि बायकांचे गाणे मंचावर मानाने बसले, हे मोठेच काम झाले. पण मला जास्त ओढ वाटते ती एका बाईची, एका वाद्याची आणि मधल्या शांततेची. सादिकोवांच्या गाण्यात ती शांतता शाबूत आहे.

गाण्याची या देशाला किती किंमत आहे ते मुलीने पाठवलेल्या नोटांच्या फोटोंत दिसले. शंभर सोमच्या नोटेवर लोककवी-गायक तोक्तोगुल, पाचशेच्या नोटेवर ‘मानस’ महाकाव्य गाणारे सायाकबाय करालायेव. पाच सोमवर बॅले नर्तिका बुब्युसारा बेयशेनालियेवा आहेत. लोकगायिका मात्र अजून एकाही नोटेवर नाही, आणि ती असायला हवी असे मला मनापासून वाटते.

माझी विनंती एवढीच आहे. आपल्या रविवार पुरवणीत संगीतावर नियमित मजकूर येतो. त्यात एकदा सादिकोवांवर, आणि जमल्यास कोशोक व बेकबेकेयवर, एखाद्या जाणकाराकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा. सत्तरीला टेकलेल्या या गायिकेविषयी मराठीत आत्ताच लिहून यायला हवे. महाराष्ट्रातली कितीतरी मुले आज ओश आणि बिश्केकमध्ये शिकत आहेत. त्यांच्या आईवडिलांनी फीच्या आकड्यांबरोबर हेही वाचावे.

लेख छापलात तर त्यांच्या नावाचा अर्थही द्यावा. ‘जान सलामत’ म्हणताना आपण वापरतो तोच हा शब्द. किर्गिझ माणसे भेटल्यावर म्हणतात, ‘सलामातसिझबी?’ म्हणजे, तुम्ही सलामत आहात ना? मुलगी आता रोज फोन उचलल्यावर मला तेच विचारते.

आपली नम्र,
एक वाचक, सांगली