‘नाही’ ऐकू आलं पाहिजे : रेडिओवरच्या ध्वनिमुद्रक ताईंना उघडं पत्र

ताई,
स. न. वि. वि.

रेडिओवर कविता झाली की कौतुक कवीचं होतं, फार तर निवेदकाचं. काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून बसलेल्या तुमचं नाव कोणाच्या तोंडी येत नाही. म्हणून तुमच्या स्टुडिओत वाचून गेलेले आम्ही सगळे हे पत्र चारचौघांसमोर लिहितो आहोत. नुसतं ‘आभारी आहोत’ म्हणून भागणार नाही. कशाकशाबद्दल, ते मोजून सांगायला हवं.

आधी त्या ‘नाही’बद्दल. मराठीत क्रियापद बहुधा ओळीच्या शेवटी येतं आणि नकारही तिथेच बसतो. नेमका तिथेच वाचणाऱ्याचा दम संपत आलेला असतो आणि आवाज उतरलेला. ‘मी परत येणार नाही’ मधला ‘नाही’ गिळला, की श्रोत्याच्या हाती उलटाच अर्थ लागतो. आणि त्याला मागचं पान उघडून बघायची सोय नसते. नंतर मशिनवर तो शब्द उचलता येतो, पण त्याच्यासोबत खोलीतली घरघरही उचलली जाते. तुमचा इलाज कागदावरचा: श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने तिरकी रेघ, ओळीच्या शेवटच्या शब्दाखाली आडवी. ओळ लांब असेल तर अर्थ तुटणार नाही अशा जागी मध्येच श्वास, म्हणजे शेवटच्या शब्दापर्यंत हवा पुरते. कविसंमेलनात ही चूक झाकून जाते, कारण तिथे चेहरा आणि हात अर्धं काम करतात.

माइकचं अंतर तुम्ही वितीने मोजायला शिकवलंत: १५ ते २० सेंटिमीटर. समोरून येणारा आवाज टिपणाऱ्या माइकच्या त्याहून जवळ गेलं की खर्ज फुगतो. आवाज भारदस्त वाटतो, म्हणून आम्हाला तो मोह होतोच. पण शब्द गढूळ होतात. लांब गेलं की कवीऐवजी खोली ऐकू येते. प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून निघणारा हवेचा झोत माइकवर आदळला की ‘धप्प’ होतं, त्यासाठी माइकच्या चार बोटं पुढे पॉप फिल्टर, म्हणजे झोत अडवणारी जाळी. पण स-श ची शीळ फिल्टर अडवत नाही. तिच्यासाठी माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता जरा बाजूला तिरका करायचा. आणि आवाजाची पातळी लावताना तुम्ही ‘हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन’ म्हणायला लावत नाही. कवितेतली सगळ्यात चढ्या आवाजाची ओळच वाचून घेता, आणि तिचं टोक मीटरवर वजा १२ ते वजा ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवता. टोक शून्याला टेकलं की आवाज फाटतो, आणि डिजिटल मुद्रणात फाटलेला आवाज पुन्हा पहिल्यासारखा शिवता येत नाही.

कागदाचे नियम कंटाळवाणे, पण निम्मी फेर-ध्वनिमुद्रणं तेच वाचवतात. एकाच बाजूला छापायचं, १६ पॉइंट अक्षरात, पिना काढून. पान उलटायचं नाही, सरकवायचं. तेही कविता संपल्यावर. बांगड्या, किल्ल्या बाहेर. मोबाइलही बाहेर, कारण सायलेंटवर ठेवला तरी तो सिग्नल शोधताना तारांमध्ये खरखर उठवू शकतो.

वेळेचा हिशेब. दहा मिनिटांच्या कार्यक्रमात ओळख आणि समारोपात दोन मिनिटं जातात. सावकाश वाचली तर वीस ओळींची कविता साधारण दीड मिनिट घेते. दोन कवितांमधलं एकेक वाक्य धरून चार कविता बसतात, पाचवी छोटी हाताशी ठेवायची. हे घड्याळ लावून, मोठ्याने वाचून ठरवावं लागतं. मनात वाचलेली कविता नेहमीच लवकर संपते!

डोळ्यांना दिसतं ते कानाला कळत नाही, हे तर तुम्ही आम्हाला एका ‘जरा’वर समजावलंत. ‘थोडं’ या अर्थाचा जरा आणि ‘म्हातारपण’ या अर्थाची जरा कागदावर सारखेच. उच्चारात ज वेगळा. तो चुकला की ओळ गेली.

सर्वांत मोठं ऋण मात्र शांततेचं आहे. प्रक्षेपणाच्या साखळीत हळू आवाज उचलणारं यंत्र असतं. कवी थांबला की ते पंख्याची घरघर वर आणतं. शांतता फारच लांबली तर बऱ्याच केंद्रांवर बंद पडल्याचा इशाराही वाजतो. त्यामुळे घाईचा संपादक सगळे विराम कापून कविता बातमीपत्रासारखी करून टाकतो. तुम्ही कडव्यांमधले दोन-तीन सेकंद राखता. त्यासाठी वाचनाआधी रिकाम्या खोलीचं तीस सेकंद मुद्रण करून ठेवता आणि कापलेल्या जागी तेच भरता. तिथे कोरी शून्य शांतता टाकली तर रेडिओ बिघडला असं वाटतं. श्वासही पुसत नाही, फक्त दबते करता. पूर्ण पुसले की माणूस नाहीसा होतो. चुकलं तर शब्द नाही, अख्खं कडवं पुन्हा वाचून घेता, कारण एकट्या शब्दाचा सूर आणि जोर आजूबाजूच्या ओळींशी जुळत नाही.

आणि बासरी. प्रत्येक कवितेखाली बासरी अंथरायचा आग्रह तुम्ही किती वेळा परतवून लावला असेल, देव जाणे. सुरुवातीला आणि शेवटी चार-पाच सेकंद संगीत, कवितेखाली काहीही नाही. आम्हाला तुमचं हे मत शंभर टक्के पटतं.

ध्वनिमुद्रणाची प्रत देताना ‘पुन्हा प्रसारणाची परवानगी लेखी द्या, आधी छापलेली कविता असेल तर प्रकाशकाला विचारा’ हेही तुम्हीच आठवणीने सांगता. ते खरं तर तुमचं कामही नाही.

तुमच्या टेबलावरच्या पेन्सिली अधूनमधून गायब होतात, त्या आमच्याकडेच आहेत. टोक करून परत आणतो.

लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
काचेअलीकडचे कवी