फर्मी दुर्बिणीची प्रतिकृती करण्याआधी

मेन्लो पार्क, कॅलिफोर्निया

चि. सई व चि. ओंकार यांस,
अनेक आशीर्वाद.

बाबांनी पाठवलेलं तुमचं रेखाटन पाहिलं. खोडदच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही फर्मी, म्हणजे पृथ्वीभोवती फिरून गॅमा किरण टिपणारी अवकाश दुर्बीण, निवडलीत याचा फार आनंद झाला. आता पहिलं काम म्हणजे चित्रातली पुढची नळी आणि भिंग खोडून टाका. फर्मीला नळी नाही, भिंग नाही, आरसाही नाही. गॅमा किरण म्हणजे क्ष-किरणांहूनही जोरदार प्रकाश; त्याची ऊर्जा एवढी जास्त असते की तो आरशावरून परतत नाही आणि भिंगात वळत नाही. एक तर तो आरपार निघून जातो, नाहीतर एखाद्या अणूजवळ नाहीसा होतो आणि त्याच्या जागी एक इलेक्ट्रॉन व एक पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धनभारित जुळा) तयार होतात. फर्मी पकडते ती ही जोडी. त्यांच्या वाटा उलट्या मागे नेल्या की किरण कुठून आला ते कळतं, आणि त्यांची ऊर्जा मोजली की किरणाची ऊर्जा कळते.

मापं १:२० प्रमाणात घ्या. उपग्रहाची उंची २.८ मीटर, म्हणजे तुमची १४ सेंमी. वर बसलेली मुख्य पेटी १.८ मीटर चौरस आणि ०.७२ मीटर उंच आहे. ती ९ सेंमी चौरस आणि ३.६ सेंमी उंच होईल. सौरपंखांचं टोकापासून टोकापर्यंतचं अंतर १५ मीटर, म्हणजे ७५ सेंमी. नुसत्या पुठ्ठ्याचे एवढे लांब पंख नक्की लोंबणार, म्हणून धडातून सायकलची तार आरपार घाला आणि त्यावर पंख बसवा. पंख त्या तारेभोवती फिरायला हवेत, कारण खरे पंखही असेच एका अक्षावर फिरून सूर्याकडे तोंड करतात. आणखी एक सांगते. ४३०० किलोच्या उपग्रहात एकट्या वरच्या पेटीचं वजन सुमारे २८०० किलो आहे. तुमची प्रतिकृतीही वरून जड होऊन कलंडेल, तेव्हा खालच्या धडाच्या ठोकळ्यात वाळू भरा.

पेटी बसकी का, हे परीक्षक नक्की विचारतील. उंच आणि अरुंद पेटीत तिरके येणारे किरण बाजूने निसटून जातात. रुंद आणि बुटकी ठेवल्यामुळे फर्मीला एका वेळी आकाशाचा जवळजवळ पाचवा भाग दिसतो. २०१८ पर्यंत एका फेरीत ती थोडी उत्तरेकडे कलायची, पुढच्या फेरीत दक्षिणेकडे. पृथ्वीभोवतीची एक फेरी सुमारे दीड तासाची, त्यामुळे साधारण तीन तासांत सगळं आकाश पाहून व्हायचं.

बाहेरून पेटीला चंदेरी फॉइल लावा, पण इस्त्री केल्यासारखी गुळगुळीत नको. ते उष्णतारोधक आवरण आहे, त्याखाली सूक्ष्म उल्का अडवणारे थर आहेत, आणि खऱ्या आवरणालाही सुरकुत्या आहेत. पंखांच्या बाजूच्या दोन्ही भिंतींवर पांढरे सपाट पत्रे दाखवा. ते रेडिएटर. आतली उष्णता तिथून अवकाशात फेकली जाते. उपग्रह अशा बेताने वळवतात की त्या दोन बाजूंवर ऊन पडू नये, म्हणूनच रेडिएटर तिथे आहेत.

धडाच्या कडांवर तीन-तीनच्या गटात १२ छोट्या तबकड्या आणि समोरासमोरच्या दोन बाजूंवर एकेक दंडगोल दिसतो. हे गॅमा स्फोट, म्हणजे दूर अवकाशातून अचानक येणारे गॅमा किरणांचे थोडाच वेळ टिकणारे झोत, टिपणारं दुसरं उपकरण. तबकड्या सोडियम आयोडाइडच्या, १२.७ सेंमी व्यासाच्या, म्हणजे तुमच्या मापात सहा मिलिमीटरची बटणं चालतील. त्यांची तोंडं मुद्दाम वेगवेगळ्या दिशांना चिकटवा. एका रांगेत लावलीत तर चूक ठरेल. स्फोटाचा प्रकाश कोणत्या तबकडीवर किती पडला, या फरकावरूनच दिशा काढतात. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या मोठ्या ताऱ्यांच्या अतिघट्ट गाभ्यांच्या) टकरीतून गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातलेच तरंग, आल्या, तेव्हा सुमारे १.७ सेकंदांनी आलेला गॅमा झोत याच तबकड्यांनी नोंदवला.

आता आतला भाग. माझ्या मते तुमच्या प्रदर्शनाचा जीव इथे आहे. पेटीत ४ बाय ४ असे १६ मनोरे असतात. सगळे करू नका. एकच मनोरा १:४ प्रमाणात, एक बाजू उघडी ठेवून करा; त्याची रुंदी ९ सेंमीच्या आसपास येईल. वरच्या भागात सिलिकॉन पट्ट्यांचे १८ मजले आहेत. प्रत्येक मजल्यावर दोन थर, एकातल्या पट्ट्या आडव्या आणि दुसऱ्यातल्या उभ्या, म्हणजे कण नेमका कुठून गेला ते दोन्ही दिशांनी कळतं. वरच्या १२ मजल्यांवर टंगस्टनचा फक्त ०.१ मिमी जाडीचा पत्रा असतो, पुढच्या चारांवर ०.७२ मिमीचा, आणि शेवटच्या दोनांवर काहीच नाही. तुम्ही वर साधी फॉइल, मग डब्याचा पत्रा, आणि खाली दोन मजले मोकळे असं करा.

या जाड-पातळच्या मागे खरी ओढाताण आहे. पत्रा जाड असला की जास्त किरणांचं जोडीत रूपांतर होतं, पण जन्मलेले कण त्याच पत्र्यात ठेचकाळून वाट बदलतात आणि दिशा बिघडते. पातळ पत्र्यात दिशा चांगली मिळते, पण किरण हातचे जातात. म्हणून दोन्ही वापरले. तरीही दहा कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचं एकक) किरणाची दिशा साडेतीन अंशांच्या आसपास चुकते. हजार कोटींच्या वर ती चूक ०.१५ अंशाहून कमी होते. शेवटचे दोन मजले मोकळे, कारण लागोपाठ तीन मजल्यांवर खूण उमटल्याशिवाय नोंद सुरूच होत नाही. त्याहून खाली किरण फुटला तर त्याचा उपयोग नाही.

मनोऱ्याच्या तळाशी सीझियम आयोडाइडचे ९६ स्फटिक: ८ थर, प्रत्येकात १२, आणि प्रत्येक थर आधीच्याला काटकोनात. खरा स्फटिक ३२.६ सेंमी लांब, २.७ सेंमी रुंद, २ सेंमी जाड. तुम्ही ८ सेंमी लांब, ७ मिमी रुंद आणि ५ मिमी जाड थर्माकोलच्या पट्ट्या कापा. स्फटिकाच्या दोन्ही टोकांना प्रकाश मोजतात. कोणत्या टोकाला जास्त आला यावरून कण स्फटिकात कुठे आदळला तेही कळतं. सगळ्या मनोऱ्यांचे मिळून १५३६ स्फटिक, नुसत्या त्यांचंच वजन बाराशे किलोच्या घरात.

आणि फॉइलच्या आत लपलेली ढाल विसरू नका. अवकाशात गॅमा किरणांपेक्षा प्रोटॉनसारखे विद्युतभारित कण हजारो पटींनी जास्त असतात. ते ओळखून बाजूला काढले नाहीत तर हाती काहीच लागणार नाही. म्हणून पेटीवर खास प्लास्टिकच्या ८९ फरश्या बसवल्या आहेत, वर २५ आणि चारही बाजूंना १६-१६. भारित कण गेला की फरशी चमकते; गॅमा किरण गेला तर चमकत नाही. फर्मीच्या आधीच्या गॅमा उपग्रहावरच्या, म्हणजे कॉम्प्टन वेधशाळेवरच्या, इग्रेट उपकरणात ही ढाल एकसंध होती. त्यात अडचण अशी की जोरदार किरण तळाशी आदळला की काही कण उलटे वर उडायचे, ढाल चमकायची, आणि चांगला किरणच बाद व्हायचा. फरश्या वेगळ्या केल्यामुळे आता फक्त कणाच्या वाटेवरचीच फरशी पाहतात. प्रतिकृतीच्या एका कोपऱ्यातली फॉइल उचलून खालच्या फरश्या दिसू द्या. हे कोणी दाखवत नाही आणि मला तर सगळ्या रचनेतलं हेच सर्वांत हुशारीचं वाटतं.

११ जून २००८ ला उडालेल्या या यंत्रात झिजणाऱ्या गोष्टी थोड्या. इग्रेटला वायू लागायचा आणि तो जुना झाला की काम मंदावायचं. सिलिकॉनला तसलं काही लागत नाही. मार्च २०१८ मध्ये मात्र एका सौरपंखाची फिरकी अडकली. तेव्हापासून वीज पुरेशी मिळावी म्हणून कलण्याचा क्रम बदलला आहे, पण आकाशाची पाहणी चालू आहे. एक पंख फिरता आणि एक घट्ट ठेवलात तर आजची फर्मी होईल.

फलकावर जीएमआरटीचं, म्हणजे खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचं, नाव जरूर लिहा. फर्मीला गॅमा किरण दिसतात पण स्रोत ओळखता येत नाही, अशा जागांकडे आपल्या खोडदच्या ४५ मीटरच्या तबकड्या रोखून पुण्याच्या खगोलशास्त्रज्ञांनी मिलिसेकंद पल्सार, म्हणजे सेकंदात शेकडो वेळा फिरत ठोके देणारे न्यूट्रॉन तारे, शोधले आहेत. रेडिओ लहरींच्या कमी वारंवारतेला जीएमआरटीला आकाशाचा मोठा तुकडा एकदम दिसतो, त्यामुळे फर्मीने दिलेली जागा नेमकी नसली तरी चालतं. त्या पल्सारांपैकी पीएसआर जे १५४४+४९३७ नावाचा सेकंदाला ४६० हून जास्त वेळा फिरतो.

पट्ट्या कापताना बाबांना जवळ बसवा, डब्याच्या पत्र्याच्या कडा हात कापतात. मनोरा झाला की समोरून आणि वरून असे दोन फोटो पाठवा. आजीला साष्टांग नमस्कार.

तुमची
आत्या