पाटीखालच्या वायरींचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला स्पोर्ट्स कारच्या दारात आपल्या नावाची उजळणारी पाटी बसवण्यावरचा लेख वाचला. फोटो देखणे होते. पण सोमवारी दुकानाचं शटर वर केलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने मोबाईलवर तेच पान दाखवलं. "काका, आपल्या गाडीलाही असं करून द्या ना, अर्ध्या तासाचं काम आहे म्हणते." तेव्हापासून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहायला बसलो.

"अर्ध्या तासाचं काम" हे शब्द तुमच्या लेखातले आहेत. मी १९९१ पासून कामठी रोडला गाड्यांची वायरिंग करतो. दाराच्या उंबऱ्याखाली, म्हणजे गाडीत बसताना ओलांडतो त्या पट्टीखाली, काय काय असतं हे लेखकाने एकदा पट्टी उचलून पाहिलं असतं तर हे शब्द त्याने लिहिले नसते.

लेखात पोर्शचा दाखला आहे. त्यांचा गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे गाडी सजवणारा विभाग १९८६ पासून आहे. तिथे तुम्ही नाव सांगता आणि ते उंबऱ्याच्या पट्टीत उजळून येतं, हे खरं. पण तिथे ती वायर गाडीच्या हार्नेसमध्येच, म्हणजे कंपनीने बसवलेल्या वायरींच्या जुडग्यातच असते, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला ती ठाऊक असते. तुमचा लेख पुढच्याच ओळीत म्हणतो की बाजारातली पाटी आणून दोन वायरी जोडल्या की तेच काम होतं. तेच होत नाही. मागच्या मे महिन्यात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

एका मुलाचा फोन आला. "काका, गाडी चालूच नाही होऊन राहिली." लाल रंगाची, दोन सीटची, सेकंडहँड घेतलेली. पोरगा पुण्याहून दोन आठवड्यांनी आला होता. बॅटरी पार बसलेली. त्या गाडीची बॅटरी पुढच्या डिकीत असते, आणि पुढची डिकी उघडते विजेवर. म्हणजे करंट नाही तर डिकी नाही, आणि डिकी नाही तर बॅटरीला हात लावता येत नाही. पायाजवळच्या फ्यूजच्या पेटीतून एक लाल टोक बाहेर ओढता येतं. त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस दिला, मायनस दाराच्या लोखंडाला लावला, तेव्हा कुठे डिकी उघडली. दुपारचे दोन वाजलेले, वर नागपूरचा मे, आणि तो पोरगा माझ्यावर छत्री धरून उभा.

बॅटरी चार्ज करून दिली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग गाडी दुकानात ठेवून घेतली. मीटर लावायच्या आधी दार उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने मिटवावं लागतं, म्हणजे गाडीला वाटतं दार बंद आहे. मग अर्धा-पाऊण तास हात न लावता थांबायचं, गाडी झोपू द्यायची. झोपलेल्या गाडीने पन्नास मिलिअँपिअरच्या आत राहायला पाहिजे. ही दोनशे ऐंशी ओढत होती. साठ अँपिअर-अवरची बॅटरी त्या हिशेबाने नऊ दिवसांत संपते. गाडी उभी होती चौदा दिवस.

कोण ओढतं आहे ते फ्यूज काढून कळेना, कारण जोड फ्यूजच्या पुढे नव्हताच. शेवटी मोबाईलवर व्हिडिओ चालू करून तो सीटला टेकवून ठेवला आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर बंद गाडीत अंधारात उंबऱ्यावरची अक्षरं जळत होती. दार लागलं की विझायला हवी होती. पाटीचं चुंबक दाराच्या मापात बसलेलं नव्हतं, त्यामुळे पाटीच्या लेखी दार कायम उघडंच होतं.

ती अक्षरं म्हणजे त्या मुलाच्या वडिलांची सही होती. बँकेच्या जुन्या चेकवरून उचललेली, शेवटच्या अक्षराखालच्या रेघेसकट. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मी जास्त विचारलं नाही.

पट्टी उचलली तेव्हा मात्र माझे हात थांबले. गाडीत पिवळ्या नळीतून जाणाऱ्या वायरी एअरबॅगच्या आणि सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेच्या असतात. तो पिवळा रंग सांगतो की हात लावू नका. बॅटरीचा मायनस काढल्याशिवाय आणि थोडा वेळ थांबल्याशिवाय मी स्वतः तिथे बोट घालत नाही, आणि त्या वायरींवर टेस्ट लॅम्प तर कधीच लावत नाही. पाटी बसवणाऱ्याने स्क्रू लांब वापरला होता. त्याचं टोक पिवळ्या नळीत घुसून आतल्या वायरीच्या रबराला लागलेलं. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा महिनाभर पेटत होता आणि पोराला सांगितलं होतं, "सेन्सरची किरकोळ गडबड आहे, चालवत राहा." कुठल्या दुकानाने सांगितलं ते मी लिहीत नाही, पण माझा राग अजून गेलेला नाही. वडिलांची सही लावायला आलेल्या पोराला त्यांनी एअरबॅगच्या भरवशाशिवाय रस्त्यावर सोडलं होतं.

आणि पाटीला करंट कुठून घेतला होता? कायम चालू असलेल्या जाड वायरीला चिमटा मारून, मध्ये फ्यूज न ठेवता. वरून काळी टेप. आपल्या उन्हात बंद गाडीत त्या टेपचा डिंक पातळ होऊन ओघळतो, मग टेप सुटते आणि तांबं उघडं पडतं. हे इथे प्रत्येक वायरिंगवाल्याला माहीत आहे. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. पाटीच्या केसाएवढ्या वायरीला तीन अँपिअरचा जांभळा फ्यूज पुरतो, पण तो पाहिजेच. करंट घ्यायचा तर दार उघडल्यावर पेटणाऱ्या दिव्याच्या वायरीवरून, रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच) टाकून. नव्या गाड्यांत तो दिवा कॉम्प्युटर हळूहळू मंद करतो, म्हणून आधी त्या गाडीचा वायरिंग नकाशा पाहायचा. जोड झाळून, वर श्रिंक ट्यूब आणि कापडी टेप. या सगळ्यात माझा दिवस जातो. तुमच्या लेखात यातलं एक वाक्य नाही.

नाव लावू नका असं मी म्हणत नाही. त्या पोराला मी एकच विचारलं, की बाबांच्या सहीवरून रोज पाय टाकून बसतोस, बरं वाटतं का? घरी आपण उंबऱ्यावर पाय देऊन उभे राहत नाही. तो गप्प झाला, मग म्हणाला, "काका, दुसरी जागा आहे का?" डॅशबोर्डवर डाव्या सीटपुढे एक लांबट पट्टी होती. तिच्या मापाची अ‍ॅक्रिलिकची पट्टी कापून घेतली, तिच्यावर सही कोरून घेतली आणि कडेला एलईडी लावले. उजेड अ‍ॅक्रिलिकच्या आतून सरळ जातो आणि जिथे खरवडलेलं असतं तिथूनच बाहेर पडतो, त्यामुळे बाकी पट्टी काळी राहते आणि सही तेवढी उमटते. गाडी बंद केली की विझते. मीटरवर तपासून दिली. पिवळी नळी आणि तिच्यातली वायर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून घ्यायला लावली, ते काम मी करत नाही.

आता दुसरी गोष्ट. मागे हेडलाइटवर मी तुम्हाला पत्र पाठवलं होतं. साठ-पंचावन्न वॅटच्या जागी शंभर-नव्वदचा बल्ब टाकला की होल्डर कसा वितळतो, हे त्यात आकड्यांसकट लिहिलं होतं. तुम्ही समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड येतो तेवढंच छापलं आणि आकडे कापले. जागा कमी असेल, मी समजू शकतो. पण तुमचा लेख पूर्ण पान घेतो आणि माझे दोन आकडे बसत नाहीत, याचं वाईट वाटलं.

या वेळी पत्र कापायचंच असेल तर माझी हकिकत कापा. पिवळी नळी, जांभळा फ्यूज आणि बॅटरीचा मायनस आधी काढायचा, एवढं मात्र येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात छापा. पुरवणी वाचून पाटी मागवलेले लोक तोपर्यंत पार्सलची वाट पाहत असतील.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
कामठी रोड, नागपूर