कुरळ्या केसांना 'फ्रिझी' म्हणून घाबरवणं थांबवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून लागला की सगळ्याच पेपरांच्या पुरवण्यांमध्ये 'फ्रिझी केसांची समस्या' असा एक लेख ठरलेला असतो, आणि सोबतचा फोटो बघाल तर बहुतेक वेळा चांगल्या निरोगी कुरळ्या केसांच्या मुलीचा, म्हणजे तिला काही झालेलं नसतं, तिचे केसच तसे आहेत. माझ्या घरात दोन कुरळ्या केसांच्या मुली वाढल्यात त्यामुळे हे फार लागतं मनाला, म्हणून लिहितेय.

'फ्रिझी' हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून, तिथे त्या क्रियापदाचा अर्थ केस कुरळे करणं. बारीक घट्ट वळ्यांचे केस असा साधा वर्णनाचा अर्थ, त्यात चांगलं-वाईट काही नव्हतं. शांपू आणि सिरमच्या जाहिरातींनी तो दोष करून टाकला. आपण मराठीत कुरळे वेगळे म्हणतो आणि पिंजारलेले वेगळे. कुरळे जन्माने असतात, पिंजारतात ते कोणाचेही, अगदी सरळ केससुद्धा, जुलैत विरार फास्टच्या लेडीज डब्यातून दादरला उतरणारी कुठलीही बाई सांगेल. पार्लरमध्ये मात्र दोन्हीला एकच शब्द, 'मॅडम खूप फ्रिझी झालेत, केराटिन करून घ्या', आणि सोळा-सतरा वर्षांची पोरगी ते खरं मानते.

केस पिंजारतात का, तर ते हवेतलं पाणी ओढून घेतात म्हणून. हे इतकं भरवशाचं आहे की १७८३ मध्ये सॉश्युर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने माणसाचा केस ताणून बसवून हवेतला ओलावा मोजायचं यंत्रच केलं होतं, पूर्ण कोरडा केस पूर्ण ओल्या हवेत साधारण दोन-अडीच टक्के लांब होतो, आणि असली केसांची यंत्रं पुढे कितीतरी वर्षं वेधशाळांमध्ये चालली. आपल्या मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते. कुरळ्या केसात टाळूचं तेल वळणावळणाने टोकापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून तो मुळात कोरडा, आणि कोरडा केस ओलावा जास्त ओढतो, मग फुगतो आणि एकेक केस आपल्या दिशेला जातो. बस, इतकंच आहे. आदल्या रात्री इस्त्री फिरवून सरळ केलेले केस सकाळी स्टेशनवर पोचेपर्यंत परत वळतात तेही याच कारणाने, इस्त्रीने केसातले जे कच्चे बंध हलवलेले असतात ते पाणी लागलं की पुन्हा आपल्या जागी येतात.

हा सरळपणा जास्त टिकावा म्हणून मग केमिकल येतं आणि माझी खरी तक्रार इथे आहे. केस सरळ करायच्या या ट्रीटमेंटना केराटिन, स्मूदनिंग, हेअर बोटॉक्स अशी गोड नावं असतात पण बाटलीत काय आहे हे विचारलं तर सांगत नाहीत. यातल्या कित्येक उत्पादनांतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलंय. आणि ही वाफ गिऱ्हाइकापेक्षा जास्त ती इस्त्री धरणारी मुलगी घेते, दिवसभर, एसीसाठी दारं बंद केलेल्या दहा बाय दहाच्या गाळ्यात, तिचा विचार कोणीच करत नाही. आता 'फॉर्मल्डिहाइड फ्री' लिहिलेलं मिळतं त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत ग्लायॉक्सिलिक ॲसिड असतं. २०२४ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या बाईचं प्रकरण मांडलं होतं, तीन वेगवेगळ्या वर्षी तिने हेच ॲसिड असलेल्या उत्पादनाने केस सरळ केले आणि तिन्ही वेळा किडनीला इजा झाली. इस्रायलच्या डॉक्टरांनी त्याच्या आधीच असे २६ पेशंट नोंदवले होते. प्रत्येकीला असं होतं असं मी म्हणत नाही, पण पैसे देणाऱ्या बाईला हे आधी कळायला नको का?

शाळेतही तेच, 'केस नीट विंचरून ये' हे वाक्य कुरळ्या केसांच्या मुलीलाच जास्त ऐकावं लागतं, आणि वर्गातली पोरं मॅगी मॅगी करतात. लग्न ठरलं की सगळ्यात आधी स्ट्रेटनिंगची अपॉइंटमेंट, ते तर आता कोणाला खटकतही नाही.

घरी करण्यासारखं खूप आहे आणि ते स्वस्त आहे. कोरड्या कुरळ्या केसात बारीक कंगवा घालायचाच नाही, ओले असताना मोठ्या दातांचा किंवा नुसती बोटं. टर्किश टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुना सुती पंचा घेऊन दाबून टिपायचं. आणि आपलं खोबरेल, धुवायच्या आधी लावलेलं. २००३ मध्ये मुंबईतल्याच संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफूल आणि खोबरेल तिन्ही तपासली, केसातलं प्रोटीन वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं कारण ते केसाच्या आत शिरतं. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते हे ध्यानात ठेवूनच सांगतेय, पण आजीच्या हातचा अनुभवही तोच आहे.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या पावसाळी पुरवणीत ट्रीटमेंटचे रेट छापाल तेव्हा त्यात कुठलं केमिकल असतं तेही छापा, पार्लरमध्ये बाटलीमागचं लेबल वाचून दाखवायला सांगा असं ठळक अक्षरात लिहा, आणि फोटो पिंजारलेल्या केसांचा टाका, कुरळ्या केसांचा नको.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई