चुन्यानं शुगर जात नाही, कॅल्शियम मात्र चढतं

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात आपल्या आरोग्याच्या पानावर वाचकांनी पाठवलेले घरगुती उपाय आले होते, त्यात "गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात खा, इन्सुलिन वाढतं, शुगर उतरते" असंही छापलंय. हाच उपाय मोबाईलवर फिरत फिरत मागच्या वर्षी आमच्या घरी आला होता आणि माझ्या आईला पाच दिवस सलाईनवर पडावं लागलं, म्हणून लिहिते.

आईला १४ वर्षांपासून शुगर आहे. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक सांगितली होती, तिनं ती रोज एक घेतली, मेडिकलवाला पण चिठ्ठी न बघता देत गेला, वरून कॅल्शियमची गोळी आणि वरून हा चुना. नंतर मी रिकाम्या पुड्या मोजल्या तर ७४ निघाल्या. तिला सारखी तहान लागायची, रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठायची, पोट साफ होईना, जेवण जाईना. सगळ्यांनी धरूनच चाललं की शुगर वाढली, काकांनी तर भात बंद करायला लावला. पण घरच्या मशीनवर उपाशीपोटी १३०-१४० च्या वर आकडा जात नव्हता, तेवढ्या शुगरला माणूस इतकं पाणी काहून पिईल हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही! बोलताना गडबडायला लागली तेव्हा परभणीला नेलं. कॅल्शियम निघालं १३.४. नॉर्मल साधारण ८.५ ते १०.५ असतं. किडनीवर पण ताण आला होता. कॅल्शियम वाढलं तरी तहान आणि लघवी शुगरसारखीच वाढते, हे आम्हाला तिथं कळलं.

मग डॉक्टरांनी पीटीएच नावाची तपासणी केली. गळ्यात थायरॉइडच्या मागं मसुरीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम उतरलं की त्या पीटीएच सोडतात, ते हाडातून कॅल्शियम काढतं आणि किडनीकडून व्हिटॅमिन डी कामाचं करून घेतं म्हणजे आतडं जास्त कॅल्शियम ओढतं. कॅल्शियम पुरेसं असलं की ग्रंथी गप्प बसतात. आईचं पीटीएच एकदम कमी होतं, म्हणजे कॅल्शियम बाहेरून आलेलं. कॅल्शियम आणि पीटीएच दोन्ही वाढलेले असते तर दोष ग्रंथीतच, आणि त्याला बऱ्याचदा ऑपरेशन लागतं. त्या आजारात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, शुगरचं प्रमाणही अशा लोकांत जास्त सापडतं, म्हणून शुगरवाल्याला वरचेवर मुतखडा होत असेल तर कॅल्शियम एकदा बघून घ्यावं, साधी रक्ताची तपासणी आहे.

आता इन्सुलिनचं. चुन्याच्या मेसेजमधी अर्धं खरं आहे म्हणूनच लोक फसतात. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत साखर जळाली की पोटॅशियमचं दार बंद होतं, त्यानं कॅल्शियमचं दार उघडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि तयार इन्सुलिन रक्तात सुटतं. आई घेते ती ग्लिमेपिराइडची गोळी हेच पोटॅशियमचं दार बंद करते. पण पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा जवळजवळ १०,००० पट असतंच हो! एरवी तिथं तुटवडा नसतोच, सवाल दार उघडण्याचा आहे, आणि ते चुना खाऊन उघडत नाही.

हां, कमतरता असेल तर गोष्ट वेगळी. १९८० मधी उंदरांवर दाखवलं होतं की व्हिटॅमिन डी नसलं तर इन्सुलिन कमी सुटतं. रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं तरी तसंच होतं. त्यामुळं ज्याला कमी आहे त्यानं तपासून, डॉक्टर सांगतील तेवढं जरूर घ्यावं. पण ज्याला कमी नाही त्याला जास्तीचं देऊन उपयोग होतो असं काही नाही. अमेरिकेत शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ लोकांवर अभ्यास झाला, निम्म्यांना रोज ४,००० युनिट व्हिटॅमिन डी दिलं, २०१९ मधी निकाल आला तर शुगर होण्यात म्हणावा असा फरक पडलेला नव्हता.

आमच्या गावात आजही निदान दहा घरांत पानाच्या डब्यातला चुना दह्यात कालवून चाललाय, वर आता पेपरात आलं म्हटल्यावर कोणाला सांगून पटत नाही. माझी हात जोडून विनंती आहे की अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या एखाद्या डॉक्टरांकडून ह्यावर लिहून घ्या, आणि त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. पुडी आठवड्याला एक असते, रोज नाही, ही ओळ तर चौकटीत टाका.

आपली एक वाचक,
ता. जिंतूर, जि. परभणी