दीड इंचावर थांबलेल्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

एक अख्खा पावसाळा गाडी चालवून बघायची आणि मगच तुमचे आभार मानायचे, असं ठरवलं होतं. पावसाळा सरला, म्हणून आज लिहितोय. पत्र जाहीर ठेवतोय, कारण आमच्या डोंगराळ भागात रोजच्या वापरातली गाडी थोडी उचलून, म्हणजे जमिनीपासून उंच करून, घ्यावी का, या विचारात असलेले बरेच जण मला भेटतात. तुमचं काम त्यांच्यापर्यंत पोचावं, एवढीच इच्छा.

मी अकोले तालुक्यात गुरांचा डॉक्टर आहे, हे तुम्हाला माहीत आहेच; वाचणाऱ्यांसाठी सांगतो. राजूरच्या पुढे शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि दुसऱ्या अंगाला कुमशेत, पाचनई हा माझा फिरतीचा मुलूख. गाडी २०११ सालची टाटा सफारी, २.२ डायकॉर इंजिनची, फोरबायफोर नसलेली, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना. डांबर संपलं की वाड्यांपर्यंत ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या, आणि पावसात त्या चाकोऱ्यांचे ओहोळ होतात. बंपर घासायचा, पायरीखालचा पत्रा घासायचा, डिझेलच्या टाकीला दगड लागायचे. रात्री कुणाची डांगी गाय अडलेली असते, वासरू आडवं आलेलं असतं. अशा वेळी गाडी अलीकडे उभी करून चिखलातून चालत जायचं म्हणजे अर्धा तास हातचा जातो, आणि गाईजवळ तेवढा वेळ नसतो.

तुमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी विचारलं होतं. त्यांनी गाडीखाली न वाकताच तीन इंचांचा हिशेब सांगितला, सोबत मोठे टायर. तुम्ही मात्र आधी मला बसवून घेतलंत आणि विचारलंत, "डॉक्टर, गाडीत रोज काय असतं? घरचं कोण कोण बसतं?"

हा प्रश्न मला आजही आठवतो, कारण पुढचं सगळं त्यावरूनच ठरलं. गाडीत मागे कायम द्रव नायट्रोजनचं भांडं असतं. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या रेतमात्रा त्यात उणे १९६ अंशांवर असतात. भांड्याचं आतलं पात्र नुसत्या मानेवर लटकलेलं असतं, मधे निर्वात पोकळी. जोराचे हादरे बसत राहिले तर मानेला तडा जातो, पोकळीत हवा शिरते, नायट्रोजन उडून जातो आणि आतल्या सगळ्या रेतमात्रा वाया. हे ऐकल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे गाडी उंच पाहिजे, पण कडक नको." शिवाय आई आठवड्याला दवाखान्यात जाते, तिचे गुडघे दुखतात. पायरीची उंची तुम्ही टेपने मोजून वहीत लिहिलीत. गाडी उचलायला आलेल्या माणसाच्या आईच्या गुडघ्यांचा विचार करणारे मिस्त्री मी तोवर पाहिले नव्हते.

मग मोजमाप. सपाट फरशीवर गाडी लावली आणि रोजचं सामान तसंच आत ठेवायला सांगितलंत. टायरमधल्या हवेने माप बदलू नये म्हणून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजलेत. मागची उजवी बाजू डावीपेक्षा खाली निघाली. इतक्या वर्षांच्या ओझ्याने स्प्रिंगा बसल्या होत्या. "आधी गाडीची गेलेली उंची परत आणू, मग जास्तीची बघू," हे तुमचं वाक्य मी आता प्रत्येकाला सांगतो. बसलेल्या स्प्रिंगेवर स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी जाड चकती, चढवला तर गाडी वर दिसते, पण स्प्रिंग थकलेली ती थकलेलीच राहते.

मागे कंपनीच्याच मापाच्या नव्या स्प्रिंगा घातल्यात आणि वरच्या बैठकीत २५ मिलिमीटरचा स्पेसर. स्प्रिंगेच्या वेटोळ्यांमध्ये रबरी बफर दाबून बसवायचे का, असं मी विचारलं होतं, कारण बाजारात ते सगळीकडे मिळतात. तुम्ही स्प्रिंग हातात घेऊन दाखवलंत की बफर बसला तेवढी वेटोळी कामातून जातात, उरलेल्यांवर ताण येतो आणि गाडी कडक होते. नायट्रोजनच्या भांड्याला नेमकं तेच नको होतं.

पुढचं काम जास्त नाजूक. या सफारीला पुढे स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे: ओलं धोतर पिळावं तसा पोलादी दांडा पिळला जातो आणि त्या पिळावर गाडी उभी राहते. मागच्या टोकाला बोल्ट असतो, तो आवळला की पुढची बाजू वर येते. फुकटात उंची मिळते म्हणून लोक तो आवळत सुटतात. तुम्ही फरशीवर खडूने चाक धरून ठेवणारे वरचा आर्म, खालचा आर्म आणि आर्मला थांबवणारं रबर काढून समजावलंत की बोल्ट आवळल्याने दांड्याचा कडकपणा बदलत नाही. चाकाला खाली सुटायची जागा मात्र कमी होते. खड्डा आला की चाक खाली जायला हवं. वरचा आर्म आधीच रबराला टेकायला आला असेल तर चाक लटकून धाडकन आदळतं. लोक म्हणतात गाडी कडक झाली, ती यामुळे. आर्मच्या टोकाचे बॉल जॉइंट तिरके होऊन लवकर झिजतात ते वेगळंच, आणि फोरबायफोर असती तर पुढची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टांच्या सांध्यांनाही, म्हणजे सीव्ही जॉइंटना, तोच त्रास झाला असता.

जॅकवर भार काढूनच बोल्ट फिरवायचा, गाडी खाली सोडून थोडी चालवून आणायची, सस्पेन्शन बसू द्यायचं, मग परत मोजायचं. दोन्ही बोल्टना सारखे आटे दिले म्हणून दोन्ही बाजू सारख्या उंचीवर येत नाहीत, हे मला तिथे कळलं. रबर आणि आर्म यांच्यामध्ये तुमच्या मनासारखी जागा उरली तिथे तुम्ही पाना खाली ठेवलात. "अजून अर्धा इंच निघेल," असं शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला. "निघेल, पण चाकाला जागा राहणार नाही," एवढंच बोलून तुम्ही पुढच्या कामाला लागलात. मूळ उंचीपेक्षा इंचभर वर, मी आणली होती त्यापेक्षा साधारण दीड इंच. बस्स.

त्यानंतरचे तुमचे दोन तास मला जास्त मोलाचे वाटतात. मागच्या चाकांच्या ब्रेकचा एलएसपीव्ही, म्हणजे ओझ्याप्रमाणे ब्रेकचं प्रेशर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह अ‍ॅक्सल आणि बॉडी यांच्यातलं अंतर बघून ओझं ओळखतो. मागची बाजू वर आली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करतो. स्पेसर टाकून गाडी तशीच दिली असती तर घाट उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर आला असता, आणि मला कारणही कळलं नसतं. तुम्ही त्याची कांडी नव्या उंचीला जुळवलीत. ब्रेकचे होज, म्हणजे रबरी नळ्या, चाक पूर्ण लटकवून तपासलेत, ताण येत नाही ना ते बघायला. बॉडी वर गेली की पॅनहार्ड रॉड, म्हणजे मागच्या चाकांना आडवं सरकू न देणारा दांडा, मागचा अ‍ॅक्सल किंचित एका बाजूला ओढतो. तो फरक मिलिमीटरांत आहे हे दाखवूनच मला पुढे नेलंत. हेडलाइट भिंतीसमोर उभं राहून खाली घेतलेत, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून. अलाइनमेंटला स्वतः सोबत आलात आणि नुसत्या टोवर (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत) समाधान न मानता कॅम्बरचे (चाक उभ्यात किती कललंय) आकडे बघितलेत. एवढ्या पावसाळ्यानंतर टायर दोन्ही कडांना सारखे झिजलेत, ही त्याची पावती.

टायर मात्र कंपनीच्याच मापाचे राहू दिलेत. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं, हे तुम्ही मला कागद दाखवून समजावलंत. चेसीला कुठेही कापणं नाही, वेल्डिंग नाही, लावलेलं सगळं परत काढता येईल असंच. स्पेसर बसवायच्या आधी आरटीओत विचारून घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा, हेही तुमचंच; मी दोन्ही केलं. माझ्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपत येतेय, नूतनीकरणाला ती आरटीओसमोर उभी राहणार आहे, हे तुम्ही माझ्याआधी ओळखलंत.

निघताना तुम्ही दिलेल्या दोन सूचना मी पावसाळाभर पाळल्या. पहिली: "मागच्या डिफरन्शियलची हौसिंग, चाकांच्या मधला तो गोळा, जिथे होती तिथेच आहे. ती टायरवर उभी असते, स्प्रिंगेवर नाही. चाकोरीचा मधला उंचवटा मोठा दिसला तर एक चाक उंचवट्यावर घ्या." कुमशेतच्या वाटेवर हे रोज कामी आलं. दुसरी: "दीड इंचाने ओढा ओलांडायचं बळ येत नाही." फरशी पुलावरून पाणी वाहत असलं की मी थांबलो, पलीकडच्या माणसाला फोन केला आणि पाणी उतरल्यावर गेलो.

आता काय बदललं ते सांगतो. बंपर आणि टाकी घासायची जवळजवळ थांबली. ज्या वाड्यांना गाडी अलीकडे ठेवावी लागायची, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी आता गोठ्यापर्यंत जाते. नायट्रोजनचं भांडं शाबूत आहे, घट एरवीइतकीच. वळणावर गाडी आधीपेक्षा जरा जास्त झुकते, ते तुम्ही भरल्या गाडीनिशी मला चालवायला लावून आधीच दाखवलं होतं, म्हणून वारंघुशीच्या बाजूची वळणं मी सावकाश घेतो. आई हात न धरता चढते.

साम्रदच्या एका शेतकऱ्याने मुद्दाम तुम्हाला नमस्कार सांगितलाय. त्याच्या गाईचं वासरू मागच्या पायांकडून येत होतं, रात्र होती, पाऊस होता, आणि गाडी थेट त्याच्या पडवीपाशी गेली. गाय आणि कालवड दोघी ठणठणीत आहेत.

दिवाळीनंतर गाडी घेऊन येतो. पॅनहार्ड रॉडचे बुश बघायचे आहेत आणि टॉर्शन बार परत मोजायचे आहेत. एका पावसाळ्यात ते थोडे बसतात असं तुम्ही म्हणाला होतात. येताना साम्रदच्या त्या शेतकऱ्याने दिलेला काळभात तांदूळ तुमच्यासाठी आणतोय. नाही म्हणू नका.

आपला,
अकोल्याचा गुरांचा डॉक्टर